चेंडू खेळण्यास सक्त मनाई

नरकचतुर्दशीच्या पहाटेचा डोंबिवलीचा फडके रोड ज्याने पाहिला नसेल त्याने एकदा जरूर पाहावा. उटणे लावून आंघोळ, फराळाचे दोन घास, गणेश मंदिरात दर्शन आणि मग रस्ताभर माणसेच माणसे. कडक इस्त्रीचे कुर्ते, आईच्या कपाटातून मागून आणलेल्या पैठण्या, दहावीनंतर पांगलेले वर्ग, नोकरीसाठी पुण्या-बंगळुरूला गेलेली आणि चार दिवसांसाठी परतलेली मुले. निमंत्रण नाही, तिकीट नाही, बसायला जागाही नाही, तरी तासन् तास उभे राहायचे. ठाण्यात हेच राम मारुती रोडवर आणि तलावपाळीच्या काठाने चालते. वर्तमानपत्रे दुसऱ्या दिवशी तरुणाईचा जल्लोष छापतात आणि विषय तिथेच संपतो.

या गर्दीमागे परंपरा आहेच. पण तिने रस्ता निवडावा यामागे आणखी एक साधे कारण आहे. २०११च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या १२ लाख ४७ हजार होती. एवढ्या शहरात हजारभर तरुण मुलांनी एकत्र उभे राहून गप्पा माराव्यात अशी दुसरी जागा फारशी उरलेली नाही. बागेत जावे, तर दारावर पाटी आहे.

पाटी सगळ्यांची पाठ आहे. फुले तोडू नयेत. हिरवळीवर बसू नये. चेंडू खेळण्यास सक्त मनाई. बारा वर्षांवरील मुलांनी झोपाळे वापरू नयेत. खाद्यपदार्थ आणू नयेत. कुत्र्यांना प्रवेश नाही. खाली ‘आदेशावरून’, आणि शेजारी, ज्यांच्या निधीतून सुशोभीकरण झाले त्यांचा नियमांपेक्षा मोठा फोटो. शब्द बागेगणिक थोडे बदलतात, सूर तोच राहतो. बागांचे नियम सुधारायला हवेत असे कुणी म्हटले की चर्चा याच पाटीभोवती फिरते: वेळ वाढवा, चेंडू बंद करा, कुत्र्यांचे काहीतरी बघा. मला वाटते, आपण भलतीच पाटी वाचत बसलो आहोत. बाग राहणार की जाणार हे ठरवणारे नियम नगररचना खात्याच्या कपाटात आहेत. तिथे मनाई कमी आणि सवलती भरपूर आहेत.

तरी आधी दारावरच्या पाटीचा हिशेब मिटवू. तिच्यात वयाचे एक मोठे भगदाड आहे. घसरगुंडी आणि झोपाळा लहानांसाठी, बाक ज्येष्ठांसाठी, चालण्याची वाट मधुमेहींसाठी. तेरा ते पंचवीसचे काय? हे वय बागेत दिसले की रखवालदाराची शिट्टी वाजते. मुलगे निदान इमारतीच्या पार्किंगमध्ये अंडरआर्म खेळतात, काच फुटली की पांगतात. मुलींना तेही नाही. गेल्या काही वर्षांत बागोबागी लोखंडी ओपन जिम आली, कारण ती निधीतून एका झटक्यात बसते आणि उद्घाटनाच्या फोटोत छान दिसते. तिथे वय विचारत नाहीत, म्हणून शाळेतली मुले तिचाच झोपाळा करतात. यंत्राचा सांधा निखळला की ते वर्षभर तसेच लोंबकळते, कारण बसवण्याच्या खर्चाला निधी असतो, दुरुस्तीच्या खर्चाला ठेका असतो, आणि ठेक्याच्या यादीत ते यंत्र नसते.

दुसरे भगदाड वेळेचे. सकाळी आणि संध्याकाळी बाग उघडी, दुपारी टाळे, ही पद्धत माळ्यांना पाणी घालायला सोयीची म्हणून पडली असेल. पण भर दुपारी सावलीची गरज कुणाला असते? दोन घरांची धुणीभांडी आटोपून तिसऱ्या घराची वेळ होईपर्यंत थांबलेल्या बाईला, पार्सल पोहोचवून पुढच्या ऑर्डरची वाट पाहणाऱ्या मुलाला, रिक्षावाल्याला. शहराची कामे करणारा माणूस आणि शहराची बाग यांची गाठच पडू नये, असे ते वेळापत्रक आहे. गुरे आणि दुचाकी आत येऊ नयेत म्हणून लावलेल्या वाकड्यातिकड्या लोखंडी फाटकांतून चाकाची खुर्चीही जात नाही. दिव्यांग हक्कांचा कायदा २०१६चा आहे. फाटके त्याच्या आधीची असोत की नंतरची, ती तशीच आहेत.

आणि पाटी पाळली नाही म्हणून काही चांगले घडते, हेही नोंदवायला हवे. नौपाड्याच्या जिजामाता उद्यानात बुधवारी संध्याकाळी आचार्य अत्रे कट्टा भरतो. पाहुणा बोलतो, लोक ऐकतात, प्रश्न विचारतात, घरी जातात. एखादी कडक नियमावली काढून बसले तर त्याला सभा म्हणता येईल, ध्वनिक्षेपकाचा वापर म्हणता येईल, विनापरवाना जमाव म्हणता येईल. ठाणेकरांनी त्याला कट्टा म्हटले आणि तो टिकला. नवे नियम लिहिणाऱ्याने एक संध्याकाळ तिथे मागच्या रांगेत बसावे.

आता कपाटातले नियम.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९चा. त्यात महापालिकेची कामे दोन गटांत विभागलेली आहेत: कलम ६३मधली बंधनकारक आणि कलम ६६मधली ऐच्छिक. गटारे, दिवे, दफनभूमी बंधनकारक. सार्वजनिक बागा, उद्याने, क्रीडांगणे ऐच्छिक. म्हणजे महापालिकेने मैदान दिले नाही तर तिने कर्तव्यात कसूर केली, असे या कलमावर बोट ठेवून म्हणता येत नाही. पुढे ७४वी घटनादुरुस्ती आली. बाराव्या अनुसूचीत बागा आणि क्रीडांगणे बाराव्या क्रमांकावर बसली. पण अनुसूची काम सोपवू शकते, सक्ती करीत नाही. बागांच्या वापराबद्दल उपविधी करण्याचा अधिकार महापालिकेला आहे, मंजुरी राज्य सरकारची. तो अधिकार नीट वापरला गेला असता तर नियमांची जागा रंगवलेल्या पत्र्यावर राहिली नसती.

जागा किती हवी याचा अंदाज केंद्राच्या २०१४च्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत आहे: माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा. ठाण्याची लोकसंख्या २०११मध्ये १८ लाख ४१ हजार होती. माणशी १० चौरस मीटर धरले तरी सुमारे १८ चौरस किलोमीटर हवेत. कोलशेतला फेब्रुवारी २०२४मध्ये ‘नमो द सेंट्रल पार्क’ उघडले, तेव्हा शहराला केवढा आनंद झाला! २०.५ एकर, झाडी, तळे, धावण्याची वाट. बाग खरेच चांगली आहे. पण तिचा भागाकार करा. दर ठाणेकराच्या वाट्याला सुमारे साडेचारशे चौरस सेंटिमीटर येतात, म्हणजे एखाद्या मासिकाचे जेमतेम एक पान. मार्गदर्शिका गाठायला अशा दोनशेवीसएक बागा लागतील. कागदावर आकडा फुगवायचा असेल तर येऊरचे जंगल हिशेबात धरता येते. पण संजय गांधी राष्ट्रीय उद्यान ही बिबट्यांची जागा आहे. तिथे कुणी नातवाला घेऊन घसरगुंडी शोधायला जात नाही.

सेंट्रल पार्क महापालिकेने स्वतः बांधलेले नाही. आरक्षित जागा विकासकाने बाग तयार करून हस्तांतरित केली आणि त्या बदल्यात बांधकामाचे हक्क मिळवले. रिकामी तिजोरी असलेल्या महापालिकांना हा मार्ग सोयीचा आहे, आणि मी तो सरसकट वाईट म्हणणार नाही. फक्त त्याचा एक परिणाम बघा. बाग तिथेच होते जिथे विकासकाला बांधकाम करायचे असते. घोडबंदर रोडला बागा येतात. वागळे इस्टेट, कळवा, मुंब्रा, कोपर यांच्या वाट्याला कोपऱ्यातला त्रिकोणी तुकडा, त्यात एक कारंजे, बहुधा बंद. आणि सेंट्रल पार्कला तिकीट आहे. रक्कम थोडी आहे हे मान्य. पण पाच जणांच्या घराला दर रविवारी ती थोडी राहत नाही, आणि ज्या बागेची किंमत शहराने चटईक्षेत्रात आधीच मोजली तिच्या दारात पुन्हा खिडकी का, हा प्रश्न उरतोच.

आरक्षण कसे जाते ते पाहणे जास्त उद्बोधक आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, कलम १२७. विकास आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत महापालिकेने आरक्षित जागा घेतली नाही तर मालक खरेदी सूचना बजावू शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची ठोस पावले पडली नाहीत तर आरक्षण आपोआप रद्द. ही मुदत पूर्वी सहा महिने होती, मग बारा, आणि २०१५च्या दुरुस्तीने चोवीस झाली. गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७मध्ये स्पष्ट केले की जिल्हाधिकाऱ्यांना एक पत्र धाडले म्हणजे पाऊल पडले असे होत नाही. मालकाच्या बाजूने हे न्याय्यच आहे. कुणाची जमीन नकाशावर हिरवी रंगवून वीस-वीस वर्षे अडकवून ठेवायची, हा कुठला न्याय? पण ठाण्याचा आराखडा १९९९चा. २००९पासून प्रत्येक न घेतलेले मैदान या कलमाच्या दारात उभे आहे. सूचना आली, फाइल या टेबलावरून त्या टेबलावर गेली, मुदत संपली, मैदानाची इमारत झाली. यात लाच, दांडगाई, काहीही लागत नाही. नुसता उशीर पुरतो. नवा प्रारूप आराखडा यायला ऑक्टोबर २०२४ उजाडले.

कल्याण-डोंबिवलीत मात्र कलम १२७पर्यंत जाण्याची तसदीही पुष्कळदा कुणी घेतलेली नाही. न्यायमूर्ती अग्यार समितीने इथली बेकायदा बांधकामे मोजली तेव्हा आकडा ६७ हजारांच्या वर गेला. अलीकडे महापालिकेची बनावट परवानगीपत्रे दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण गाजले. नोव्हेंबर २०२४मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला आणि कर्जे काढून घर घेतलेल्या माणसांवर बेघर होण्याची वेळ आली. शहराला मोकळी जागा दिसली की ती कुणाची, कशासाठी, हे विचारण्याची सवयच राहिली नाही, त्याचा हा शेवटचा टप्पा.

इथे २७ गावांचा उल्लेख हवा. १९८३मध्ये ती महापालिकेत आली, २००२मध्ये बाहेर पडली, २०१५मध्ये पुन्हा आत. या गावांना बाग हा शब्द नवा असेल, मोकळी जागा नवी नव्हती. गुरचरण होते, देवळापुढचे आवार होते, भातकापणी झाली की वावरे उघडी पडत आणि तिथे टेनिस बॉलच्या स्पर्धा रंगत. आगरी पोरांच्या क्रिकेटची सगळी घडण त्या वावरांतली. गुरचरण हे गावाच्या सामायिक वापराचे, ते सहजी कुणाला देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये जगपालसिंग खटल्यात बजावले. आता वावराच्या जागी टॉवर आणि टॉवरच्या बाजूला जाळीतले टर्फ, तासाच्या भाड्याने. रात्री अकरा वाजताही दिवे जळत असतात. येऊरमध्ये तर जंगलाच्या कुशीत उभ्या राहिलेल्या बेकायदा टर्फचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. टर्फवर राग काढणे सोपे आहे. पण सार्वजनिक मैदान सात मिनिटांच्या अंतरावर असते तर मुलांनी वर्गणी काढून तासाभराचे मैदान विकत घेतले असते का?

मैदाने जिथे आहेत तिथे ती मैदाने किती दिवस असतात, हे विचारणे भाग आहे. डोंबिवलीचे ह.भ.प. सावळाराम महाराज क्रीडा संकुल, कल्याणच्या लाल चौकीजवळचे फडके मैदान, ठाण्याचे सेंट्रल मैदान. महोत्सव, प्रदर्शने, प्रचारसभा, लग्ने, विक्री-मेळे. आगरी महोत्सवासारखे सोहळे या शहरांचे आपले आहेत, ते व्हायलाच हवेत. पण कार्यक्रम तीन दिवसांचा असला तरी मांडव पडायला चार दिवस, निघायला चार दिवस, आणि नंतर महिनाभर खांबांचे खड्डे, खिळे, खडी. पायात खिळा घुसतो तो खेळणाऱ्याच्या. नगररचना कायद्याच्या कलम ३७-अ ने मोकळ्या जागांच्या अशा तात्पुरत्या वापराला वर्षाकाठी दिवसांची मर्यादा घातलेली आहे. मुंबईत शिवाजी पार्कचे दिवस मोजले जातात, कारण तिथले रहिवासी मोजतात. सावळाराम महाराज संकुलाचे मोजलेले दिवस दाखवणारा फलक मला दिसला नाही.

आवाजाच्या बाबतीत ठाण्याने राज्याला काही दिले आहे. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६मध्ये सविस्तर निकाल दिला. रस्ते अडवणारे मांडव आणि ध्वनिप्रदूषण या दोन्हींवर यंत्रणेला जबाबदार धरणारा हा निकाल राज्यभर लागू झाला. त्याची एक अप्रत्यक्ष झळ मैदानांना बसली असावी असा माझा तर्क आहे: रस्त्यावर अडचण झाली की मांडव सरकतो तो बाजूच्या मोकळ्या जागेत. केंद्राच्या २०००च्या ध्वनिनियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, वर्षातले फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट. म्हणजे आवाजाचे घड्याळ आहे. मातीचे घड्याळ नाही.

ठाणे स्टेशनाजवळच्या गावदेवी मैदानाची गोष्ट वेगळ्या जातीची. मैदान कायम ठेवून त्याच्या पोटात स्मार्ट सिटी योजनेतून भुयारी वाहनतळ केला. स्टेशन परिसरात गाड्या उभ्या करायला जागा नव्हती हे खरेच होते, आणि वर मैदान, खाली गाड्या हे चित्र कागदावर निर्दोष दिसते. मला त्यात एक अडचण वाटते. खाली स्लॅब आला की वर मोठे झाड येत नाही. मैदान ही वर अंथरण्याची सतरंजी ठरते, आणि पुढच्या दुरुस्तीत ती गुंडाळता येते. लखनौच्या अमीनाबादेत झंडेवाला पार्कखाली असाच भुयारी बाजार बांधला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९९मध्ये दुकाने पाडून बाग पूर्ववत करायला सांगितले. गावदेवीखाली बाजार नाही, वाहनतळ आहे, तेव्हा दोन्ही प्रकरणे एका तागडीत घालू नयेत. पण बागेच्या खालची जमीन बागेचीच असते, हे त्या निकालातले मर्म शहराच्या नियमांत लिहिलेले असायला हवे.

मोठ्या संकुलांत राहणाऱ्यांना वाटते की आपण यातून सुटलो. एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२०मध्ये आली, तिच्यात ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर १० टक्के मनोरंजनाची मोकळी जागा सोडणे बंधनकारक आहे. सोसायट्यांच्या बोलीत ती आरजी. मुंबईच्या नियमांबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३मध्ये कोहिनूर प्रकरणात म्हटले होते की किमान आरजी जमिनीवर हवी, पोडियमच्या छतावरची त्यात धरायची नाही. झाडाला जमीन लागते, इतके ते साधे आहे. पण त्या ४,०००च्या आकड्याखाली काय घडते? नौपाडा, डोंबिवली पूर्व, कल्याणचा जुना भाग, इथे भूखंड गुंठ्यांत आहेत. दुमजली घर पाडून बहुमजली इमारत उभी राहते, माणसे कितीतरी पटींनी वाढतात, जुने आंगण पार्किंगमध्ये जाते, आणि नियमाप्रमाणे मोकळी जागा शून्य. अशा पन्नास इमारती मिळून एका बागेची गरज तयार करतात, आणि ती कुणाच्याच नकाशात येत नाही. नियमावलीत दुरुस्ती हवी असेल तर मी पहिले बोट इथे ठेवीन: लहान भूखंडांकडून जागा घेता येत नसेल तर त्यांचे शुल्क त्याच प्रभागातल्या मैदानासाठी वेगळे ठेवा, आणि ते दुसरीकडे वळवायला मनाई करा. सक्त मनाई.

दक्षिणेतल्या काही राज्यांनी हा विषय महापालिकांच्या मर्जीवर सोडलेला नाही. तमिळनाडूत १९५९पासून आणि कर्नाटकात १९८५पासून उद्याने, क्रीडांगणे व मोकळ्या जागांच्या जतनाचा स्वतंत्र कायदा आहे. कर्नाटकच्या कायद्यात पहिली पायरी यादीची: शहरातली प्रत्येक बाग, प्रत्येक मैदान नोंदवून प्रसिद्ध करायचे. यादीत आलेल्या जागेचा वापर बदलायचा तर वरची परवानगी. कायदा असला की सगळे आलबेल होते असे नाही. बंगळुरूत बागेची जागा खासगी शुश्रूषागृहाला दिली गेली, तेव्हा आसपासच्या रहिवाशांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आणि १९९१मध्ये ते जिंकले. पण भांडायला पायाखाली काहीतरी घट्ट होते. महाराष्ट्रात असा स्वतंत्र कायदा नाही. आपल्याकडे झाडांचा आहे, १९७५चा. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटले. पन्नास वर्षे खेळल्या गेलेल्या मैदानाला कुणी काही म्हटलेले नाही.

मधल्या काळात हे सगळे विचारायचे तरी कुणाला, हाही प्रश्न होता. कल्याण-डोंबिवलीच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२०मध्ये संपली, ठाण्याच्या सभागृहाची मार्च २०२२मध्ये, आणि पुढची काही वर्षे दोन्ही शहरांचा कारभार प्रशासकाच्या सहीने चालला. ठाण्याचा प्रारूप आराखडा त्याच काळातला. लोकांनी मग आपापल्या परीने जागा धरून ठेवल्या. डोंबिवलीजवळच्या उंबार्ली टेकडीवर पक्षिनिरीक्षक आणि झाडे लावणारे लोक वर्षानुवर्षे जातात, वणवा लागला की फांद्या घेऊन धावतात. ती टेकडी कुठल्याही पाटीवर बाग नाही, त्यामुळे तिथे कुठलीच मनाई नाही आणि कुठलेच संरक्षण नाही.

आराखड्यांची पुढची फेरी आली की कलम २६ प्रमाणे हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतील. नकाशे नगररचना कार्यालयात लागतील. बागेच्या आरक्षणाविरुद्ध लिहायला मालकाचा वकील येतो, तो येणारच. बाजूने लिहिणाऱ्याला वाटते की आरक्षण आहेच, मग लिहायचे कशाला? पण सुनावणीच्या वेळी समितीपुढे असतात ते फक्त आलेले कागद. आराखडा मंजूर झाल्यावरही एखाद्या भूखंडाचे आरक्षण बदलायचे असेल तर कलम ३७ खाली राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रात सूचना देऊन महिनाभर हरकती मागवाव्या लागतात. ती सूचना निविदांच्या आणि हरवलेल्या शेअर प्रमाणपत्रांच्या जाहिरातींमध्ये बारीक टायपात छापून येते. तिला उत्तर द्यायला साधा कागद चालतो. त्यावर भाग नकाशाचा क्रमांक, आरक्षणाचा क्रमांक आणि सर्व्हे नंबर लिहायचा, आवक खिडकीत द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्यायचा.